जास्तीची कातडी

१

माझा स्वभाव आनंदी आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण माझ्याकडे बघून ते कधी कोणाला कळलं नाही. पस्तिशीनंतर माझे गाल खाली उतरले, ओठांचे कोपरे त्यांच्या मागोमाग गेले, आणि पन्नाशीपर्यंत मी कायम कोणाला तरी पोचवून आल्यासारखी दिसायला लागले. कामतघरात माझी खानावळ आहे. लूमवरचे, म्हणजे यंत्रमागांवरचे, साठेक कामगार दोन वेळा जेवतात. नवा कामगार आला की पहिल्याच दिवशी विचारायचा, "मौसी, घर में सब ठीक है ना?" आणि मी तेव्हा गाणं गुणगुणत भाकऱ्या थापत असायचे. एसटीत कंडक्टर न सांगता मला जागा करून द्यायचा. त्याचा फायदा मी घेतला नाही असं नाही.

आणि मयतं. अंजूर हे माझं माहेर. तिथे कोणी गेलं की मला आधी निरोप यायचा. मी जाऊन नुसती बसले तरी बायकांना हुंदके फुटायचे. माझ्या डोळ्यांतून टिपूस निघालेलं नसायचं, डोक्यात संध्याकाळच्या डाळीत किती पाणी वाढवायचं ते चाललेलं असायचं. पण लोक म्हणत, काशीसारखं रडायला कोणाला जमत नाही.

माझा नवरा पंढरी लूमच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारा. माझ्या चेहऱ्याबद्दल त्याचं काही म्हणणं नव्हतं. त्याचं कशाबद्दलच काही म्हणणं नसतं.

२

कमळा माझ्या भावाची मुलगी. चार वर्षांची असताना शाळेसाठी म्हणून अंजूरहून आमच्याकडे आली आणि राहिलीच. मला मूल नाही. म्हणजे होतं, हीच होती. पंधरा वर्षं तिच्या केसांना तेल लावून वेणी घालून दिल्याशिवाय मी चुलीला हात लावला नाही.

तिचं अकलोलीच्या बाळारामशी ठरलं. साखरपुड्याला मी इतकी खूश होते की पेढ्यांचं ताट दोनदा एकाच माणसापुढे धरलं. तीन दिवसांनी मुलाच्या आईचा निरोप आला, "मुलीच्या आत्याला स्थळ पसंत दिसत नाही. कोणाचं मन मोडून आम्हाला लग्न नको." मी तशीच उठून अकलोलीला गेले आणि त्यांना सांगितलं की माझ्याइतका आनंद कोणालाच झालेला नाही. त्या बाईने माझ्याकडे बघितलं, माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "रडू नका हो."

शेवटी कमळानेच त्यांना समजावलं, की आमच्या आत्याचं तोंडच तसं आहे. परत येऊन तिने ते मला हसत हसत सांगितलं. मीही हसले. पण ते आत रुतून बसलं. लग्न वैशाखात होतं आणि पाठराखीण म्हणून नवरीबरोबर सासरी मीच जाणार होते. तिच्या शेजारी सगळ्या अकलोलीपुढे बसायचं ते हे तोंड घेऊन? पोरीचा संसार या चेहऱ्याच्या सावलीत सुरू व्हायला नको, एवढंच माझ्या मनात होतं.

३

यावर इलाज असतो हे मला हबीबाने सांगितलं. हबीबा म्हणजे पंढरीच्या कारखान्याचे मालक फखरुद्दीनशेठ यांची बायको. दुपारी माझ्या मागच्या दारी येऊन सुक्या बोंबलाच्या चटणीवर गप्पा मारत बसायची.

"माझ्या मामेबहिणीनं केलंय मुंबईत," ती म्हणाली. "चेहरा वर ओढून शिवतात. पन्नासची होती, आता चाळीस सांगते आणि लोग मानते भी हैं."

मी त्या मामेबहिणीच्या डॉक्टरांकडे मुंबईला गेले. त्यांनी आधी माहीत असायला हव्या त्या सगळ्या गोष्टी मला सांगितल्या. त्यांच्यावर माझा काही राग नाही. मिशेरी तीन आठवडे आधी बंद आणि नंतरही बंद, नाहीतर कानामागची कातडी काळी पडून मरते. अंगदुखीच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत, रक्त थांबत नाही. कार्य असेल तर त्याच्या तीन महिने आधी या. पहिले पंधरा दिवस आरशात बघू नका, घाबराल. गाल काही महिने बधिर राहतील, आपले वाटणार नाहीत. दुसऱ्या कोणाचा फोटो आणून असं करा म्हणू नका. आणि वय काही थांबत नाही, सात-आठ वर्षांनी चेहरा पुन्हा उतरायला लागतो.

"मुख्य म्हणजे," ते म्हणाले, "चेहरा बदलला की आयुष्य बदलेल असं समजून येऊ नका."

"आयुष्य चांगलंच आहे, डॉक्टर. चेहराच तेवढा त्याच्या मागे राहिलाय."

ते मनापासून हसले. मग पेन्सिलने माझ्या कानापुढून, कानामागून केसांत रेघ काढून दाखवली. इथे उघडायचं, वर ओढायचं, जास्तीची कातडी कापायची आणि शिवायचं.

"त्या जास्तीच्या कातडीचं काय करता?" मी विचारलं.

"काय करणार? टाकून देतो."

कुठे, असं मी विचारणार होते. पण बाहेर दुसरे लोक थांबले होते, आणि मला तो प्रश्न जरा येड्यासारखा वाटला.

४

पंढरीला मी गळ्याचं ऑपरेशन म्हणून सांगितलं. तो "बरं" म्हणाला. मिशेरी सोडणं मात्र कठीण गेलं. बत्तीस वर्षांची सवय. सकाळी बोट आपोआप डब्याकडे जायचं आणि मी त्याला फटका मारायचे.

ऑपरेशन पौष महिन्यात झालं. मला पूर्ण झोपवलं नव्हतं. दुखत काही नव्हतं, फक्त कात्रीचा आवाज येत होता, जाड मांजरपाट कापताना येतो तसा. डोळ्यांवर फडकं होतं. त्या आवाजाच्या पलीकडे, खोलीच्या कोपऱ्यातून, कोणीतरी रडत होतं. जोरात नाही. एक हुंदका, थोडा श्वास, पुन्हा हुंदका, असं सावकाश.

"कोण बाई आहे ती?" मी विचारलं. जीभ जड झाली होती.

"कोणी नाही, आई," नर्स म्हणाली. "तुम्हीच रडताय. औषधाने होतं कधी कधी."

मला ते पटलं. नर्सला जास्त माहीत असणार. त्यानंतर तीन आठवडे मी हबीबाच्या मामेबहिणीकडे, डोक्याभोवती पट्ट्या गुंडाळून, उंच उशीवर पाठ टेकून काढले. हसायची बंदी होती आणि ती मामेबहीण अशी विनोदी की टाके तुटतात की काय असं झालं.

५

सूज उतरली आणि मी आरशात बघितलं, तेव्हा मी चक्क बसले. आरशात एक बाई होती आणि ती खुशीत होती. ओठांचे कोपरे वर होते. मी काही न करता ते वर होते. जन्मभर आत जे चाललं होतं ते पहिल्यांदा बाहेर दिसत होतं, आणि मला इतका आनंद झाला की मला न्यायला आलेल्या हबीबाला धरून मी गोल गोल फिरले.

कामतघरात तर सणच झाला. जुना गिऱ्हाईक यूनुस ताटावर बसता बसता म्हणाला, "मौसी, आज क्या खुशखबर है?" सगळे एकेक भाकरी जास्त जेवले. कमळाने माझा चेहरा दोन्ही हातांत धरून पाच मिनिटं नुसता बघितला. "आत्या, तू किती छान दिसतेस," म्हणाली. मग थोडं थांबून, "सवय होईल मला," असंही म्हणाली. पंढरीने बघितलं आणि विचारलं, "गळा बरा का?"

गाल मात्र खरंच बधिर होते. चहा ओघळून हनुवटीवरून खाली आला तरी पदर ओला झाल्यावर कळायचं.

एक गोष्ट मला विचित्र वाटली. मिशेरीचा डबा कोनाड्यात होता तिथेच होता, पण तळाला गेला होता. आणि कोनाड्याच्या कडेला, जिथे मी बोट पुसायचे, तिथे काळा ताजा ठसा होता. मी पंढरीला विचारलं. तो तंबाखू खातो, मिशेरीला शिवत नाही.

"तूच लावतेस की," तो म्हणाला. "सकाळी बघितली तुला. भिंतीकडे तोंड करून बसली होतीस."

सकाळी मी पुढे भाजी निवडत होते. पण पंढरीचं लक्ष कधी कशात असतं? मी डबा धुऊन टाकला आणि विषय सोडला.

६

लग्नाच्या खरेदीसाठी ठकूवहिनी आली. ठकूवहिनी म्हणजे माझी भावजय, कमळाची आई. तिने मला उंबऱ्यातच उभं केलं, पुढून बघितलं, बाजूने बघितलं आणि कानशिलावर बोटं मोडली.

"लय बेस झाला," ती म्हणाली. "पन हा कवा केलास? रंगूबाईच्या मयताला आयलीस तवा तर आधीसारखीच व्हतीस."

रंगूबाई म्हणजे त्यांची शेजारीण. ती गेली तेव्हा मी मुंबईत पट्ट्यांत होते. मी तसं सांगितलं.

"मस्करी नको करू. मी तुझे गल्यात पडून रडले. मला कलनार न्हाय?"

"खोलीत अंधार असेल वहिनी. पदर पुढे ओढून बसलेल्या सगळ्या बायका सारख्याच दिसतात."

"आन तू बी रडलीस," वहिनी म्हणाली. तिचा आवाज जरा खाली आला. "यवढी तू कधी रडली न्हाईस, काशी. तुझा रडना बघून माझाच जीव थंड झाला."

मी हसून वेळ मारून नेली. नव्या चेहऱ्याचा तो एक फायदा आहे, हसायला वेगळं काही करावं लागत नाही. या तोंडाने मयताला जाणं शोभणार नाही म्हणून मी अंजूरला जाणं बंदच केलं होतं. तरी फाल्गुनात एक आणि चैत्रात एक निरोप आला, की काशी आली, फार आधार वाटला, फक्त जेवली नाही. मी मनाशी ठरवलं की गावात माझ्यासारखी दिसणारी कोणी बाई नव्याने राहायला आली असणार. अशा बायका असतात. मी स्वतः पंधरा वर्षं होते.

७

आमच्याकडे लूमचा आवाज इतका कायमचा असतो की तो ऐकू येत नाही. वीज गेली की ऐकू येतो. म्हणजे तो नसतो तेव्हा कळतं की होता. चैत्र संपत आला होता, दुपारी दोनचा सुमार. मी पुढच्या खोलीत तांदूळ पाखडत होते. वीज गेली, सगळ्या गल्लीतले लूम एकदम थांबले, आणि आतल्या खोलीतून तो आवाज आला.

एक हुंदका, थोडा श्वास, पुन्हा हुंदका. घाई नाही. दळण-कांडण करावं तसं कोणीतरी ते करत होतं. आवाज माझा होता. माणसाला स्वतःचा आवाज ओळखू येत नाही म्हणतात, पण मला आला.

सूप खाली ठेवायला मला फार वेळ लागला. मी स्वतःला सांगितलं की कमळा रडत असेल, सासरी जायचंय, लग्न ठरलेल्या मुली रडतात. मी दारापर्यंत गेले. आत कमळा एकटीच बसली होती, पाठ दाराकडे. मागच्या दाराचा पडदा हलत होता. तिचे केस तेलाने चमकत होते आणि वेणी निम्मी घालून झाली होती.

"थांबलीस का आत्या?" ती मागे न बघता म्हणाली. "किती हलका हात लागतोय तुझा आज. आणि रडू नको गं. मी काय सातासमुद्रापार चालले?"

मी तिच्या मागे बसले. तिच्या केसांतलं तेल कोमट होतं. मला भीती वाटली हे खरं, पण त्याहून जास्त मला राग आला. मयतं घे, मिशेरी घे, म्हटलं मनात, हे नको. मी वेणी पुरी केली. माझ्या हातून ती घट्ट बसली असावी, कारण कमळाने दोनदा मान आखडली. मग वीज आली आणि लूम सुरू झाले.

८

लग्नात मी काय मिरवले म्हणून सांगू. अंजूरला भावाच्या अंगणात मांडव पडला होता. हळदीला मी गायले, नाचले, पोरांच्या तोंडाला हळद फासली. बाळारामची आई मला दोन वेळा येऊन भेटली. "आता कशा आनंदात दिसता," म्हणाली, आणि मी म्हटलं, आहेच मुळी. तिने सगळ्या अकलोलीकरांशी माझी ओळख करून दिली, नवरीची आत्या, नवरीची आत्या. मला जे हवं होतं ते सगळं मिळत होतं.

मी बायकांच्या रांगांमधून मात्र सारखी नजर फिरवत होते. पदर कोणी फार पुढे ओढलाय का, कोणी भिंतीकडे तोंड करून बसलंय का. कोणी नव्हतं. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, कुठे काही नाही. चार वाजता मी स्वतःवरच हसले. इतके दिवस एका पडद्याच्या हलण्याला घाबरत होते मी. कमळाच्या सासरी न्यायची माझी पिशवी घेतली, नवं लुगडं नेसले आणि अंगणात येऊन उभी राहिले.

९

पाठवणीला सगळ्यांनाच रडू येतं. कमळा वडिलांच्या गळ्यात पडून रडली, ठकूवहिनीच्या गळ्यात पडून रडली, आणि मग माझ्याकडे आली. मी हात पसरले. पंधरा वर्षं. माझी पोर.

तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवायच्या आधी वर बघितलं. आणि ती थांबली.

"आत्या," ती हळूच म्हणाली, "तू हसतेस?"

मी ओठ खाली ओढायचा प्रयत्न केला. ते आले नाहीत. मी डोळे मिटले, कपाळ आवळलं, जे जे आठवलं ते केलं. आत सगळं कोसळत होतं आणि चेहरा जिथे शिवला होता तिथेच राहिला. कमळाने माझ्याकडे बघितलं, ओळखीच्या माणसाला गर्दीत शोधतात तसं. मग तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली. तिचा चेहरा फुटला आणि ती मला ओलांडून गेली.

माझ्या मागे हुंदका आला. थोडा श्वास, पुन्हा हुंदका. आता दोघींचा.

मी वळले नाही. मला वळता आलं नाही. लोक वाट करून देत होते, बायका डोळे पुसत होत्या, कोणीतरी म्हणालं, "काशीला सांभाला ग." मग वऱ्हाडाच्या ट्रकचं मागचं फाळकं पडलं. पंढरी रुखवताची भांडी लावून ट्रकमध्येच उभा होता. तो वाकला आणि त्याने हात पुढे केला.

"चल काशे. दे हात."

मी धावले. पिशवी तिथेच टाकून धावले आणि हात वर केला. माझ्या शेजारून दुसरा हात गेला आणि पंढरीने तो धरला. एक बाई वर चढली, कमळाने तिला कमरेला धरलं होतं. पदर क्षणभर मागे सरला तेवढंच मला दिसलं. एक गाल, खाली उतरलेला, ओला. कानापुढे शिवण नव्हती. ती कमळाला जवळ घेऊन बसली, आणि कमळाने डोकं तिच्या खांद्यावर टाकून डोळे मिटले.

ट्रक खाडीच्या रस्त्याला लागला. धूळ खाली बसेपर्यंत मी तिथे उभी होते.

ठकूवहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आली. रडून तिचे डोळे सुजले होते.

"बसा न बाय," ती मला म्हणाली. "तुमी अकलोलीच्या न? तुमची गाडी गेली वाटतं. दुसरी हाय मागून, घाबरू नका."

तीस वर्षं ओळखते मी हिला. मी तिचं नाव घ्यायला तोंड उघडलं, पण माझा आवाज ट्रकबरोबर गेला होता.

वहिनी माझ्याकडे बघत राहिली. इतक्या दुःखात तिला जरा हसू आलं.

"किती हसरा चेहरा हाय तुमचा," ती म्हणाली. "आमचे काशीला असा पायजे व्हता."

आणि तांब्या माझ्या हातात देऊन ती पुढच्या बाईकडे गेली.